भंगारातली गाडी, घरातली शाळा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म 1913 साली याच गावी झाला, म्हणून हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते. परंतु 2021 च्या डिसेंबर महिन्यात हे गाव एका निराळ्याच कारणाने देशभर गाजले. गावातले एक कारागीर, दत्तात्रय लोहार, यांनी मोडीत गेलेल्या गाड्यांचे भाग जमवले आणि स्वतःच्या हाताने एक चारचाकी उभी केली. खर्च आला साधारण 60 हजार रुपये. शाळेचे शिक्षण बेताचे, हातात लोखंडाचे काम, आणि घरात मुलाचा हट्ट की आपल्याला गाडी पाहिजे. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा बापाने गाडी घडवली.

ही गाडी दिसायला जीपसारखी. तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक! या गाडीचे चित्रण उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आले. त्यांनी जाहीरपणे कौतुक केले, पण त्याच दमात एक खरी गोष्टही सांगून टाकली. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. म्हणून त्यांनी अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. लोहारांची गाडी कंपनीने घ्यावी आणि लोहारांना नवी बोलेरो द्यावी. जानेवारी 2022 मध्ये ही अदलाबदल पार पडली. घडवलेली गाडी कंपनीच्या संशोधन केंद्राच्या संग्रहात गेली आणि लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली.

वाचक बंधु-भगिनींनो, ही बातमी वाचून बहुतेकांनी ‘नशीब उघडले’ असे म्हटले आणि पान उलटले. आम्हाला मात्र तिच्यात आपल्या घरांसाठी दोन गोष्टी दिसतात. पहिली, हाताचे ज्ञान हे खरे ज्ञान आहे. दुसरी, त्या ज्ञानाला कागदाची जोड नसेल तर ते रस्त्यावर टिकत नाही. लोहारांना मोठ्या मनाचा माणूस भेटला. प्रत्येकाला असा माणूस भेटत नाही. म्हणून आपल्या पोरांनी दोन्ही गोष्टी सुरुवातीपासूनच धराव्या.

बारा वर्षांच्या मुलीचा करार

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत मिशिगन राज्यात, मोटारींच्या डेट्रॉइट शहराच्या परिसरात, एका 12 वर्षांच्या मुलीने 2011 च्या सुमारास आईवडिलांपुढे एक मागणी ठेवली. मला जुनी गाडी घेऊन ती दुरुस्त करायची आहे. लोकांची लहान मुले सांभाळून तिने पैसे साठवले होते. त्यातून 450 डॉलरला तिने 1986 सालची एक पडीक पाँटियाक फिएरो विकत घेतली. घरात करार झाला. पैसा तिचा, कष्टही तिचेच. वडील शिकवतील, पण तिच्या हातचे काम स्वतः करणार नाहीत. चालवण्याचे वय होईल तोवर म्हणजे 16 व्या वर्षापर्यंत गाडी तयार व्हावी. ती मुलगी वेल्डिंग शिकली. सीटच्या खोळी तिने स्वतः मशीनवर शिवल्या. पुढे ही गाडी आणि तिची मालकीण दोघीही वर्तमानपत्रात झळकल्या.

आमच्या आयाबहिणींनी यातली एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. गाडी बनवणारी मुलगी होती! आपल्याकडे पाना म्हटला की तो मुलाच्या हातात जातो आणि मुलीच्या हातात येते ती लाटणी. पण बोल्ट सोडवताना तो सोडवणारा हात कोणाचा हे बोल्टाला समजत नाही.

यंत्राला हात लावण्याचा हक्क

कोणी विचारेल, आपल्या कामगारांच्या वस्तीत हे गाडीचे खूळ कशाला? त्याला आमचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. नागपुरात एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. मोतीबागेत छोट्या रेल्वेचे वर्कशॉप झाले. आपल्या कित्येक आज्या-आजोबांचे आयुष्य याच भोंग्यांवर चालले. यंत्राचा आवाज ऐकून कुठे बिघडले हे सांगणारी माणसे या वस्त्यांत घरोघर होती.

पण यंत्राला हात लावणे हेही आपल्याला सहज मिळालेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो, असे कारण दिले जाई. जास्त मजुरी मात्र त्याच खात्यात होती! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. तेव्हा ज्याच्या आजोबाला यंत्रापासून दूर ठेवले गेले, त्याच्या नातवाने किंवा नातीने इंजिन उघडून बसावे, ही आम्हाला नुसती हौस वाटत नाही.

एम्प्रेस मिल 2002 साली कायमची बंद झाली. भोंगा थांबला आणि त्याबरोबर हाताची विद्याही घरात पडून राहिली. आजोबांना मायक्रोमीटर वाचता येतो आणि नातवाला तो कधी पाहायलाही मिळाला नाही, अशी घरे आज आहेत. जुनी गाडी दारात आली तर या दोघांना एकत्र बसायला निमित्त मिळते. आमच्या मते तिची खरी किंमत हीच.

गाडी कोणती घ्यावी?

जुनी गाडी म्हटली की डोळ्यापुढे अॅम्बेसेडर आणि पद्मिनी येतात. अॅम्बेसेडर 2014 पर्यंत निघत होती. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यात बनत असे. तिचे 1089 सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर जुन्या ड्रायव्हरांना अजून आठवतो. या गाड्या देखण्या खऱ्या, पण आता शौकीन लोक त्यांच्या मागे लागल्याने चांगली गाडी स्वस्तात मिळत नाही.

शिकणाऱ्या पोराला आमच्या मते मारुती 800 बरी. पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबले. एवढी वर्षे ती विकली गेल्यामुळे तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि तिचे काम न येणारा मेकॅनिक शोधून सापडायचा नाही. इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे, वजनाला हलके. जुन्या गाड्यांना कार्बोरेटर आहे, तो उघडून हवा आणि पेट्रोल कसे मिसळते हे डोळ्यांनी पाहता येते. आजच्या गाडीत तेच काम संगणक करतो, तेथे बघायला काही नाही.

गाडी परवडत नसेल तर जुनी स्कूटर घ्यावी. तीही नको तर सायकल खोलून जोडावी. विद्या तीच आहे, फक्त चाके कमी.

आधी कागद, मग लोखंड

गाडी बघायला जाताना खिशात पैसे न्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी फक्त कागद बघायचे. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे, त्यातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला का, दंडाची चलाने थकली आहेत का. यातले एकही उत्तर अडखळत आले तर गाडी कितीही गोजिरवाणी असो, हात जोडून परत यावे.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी 5 हजार रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 च्या नियमाने 20 वर्षांवरील मोटारीला ती 10 हजार केली गेली. वर हरित कर आणि विमा आहेच. म्हणजे गाडी 30 हजाराला मिळाली तरी कागदाचा खर्च वेगळा धरावा. नागपूरकरांनी आपली गाडी एमएच 31 ची, 49 ची की ग्रामीणच्या 40 ची, हे पाहून त्या कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी. पोरालाही सोबत न्यावे. सरकारी खिडकीसमोर उभे राहून नीट प्रश्न विचारणे हेही एक शिक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी लोखंड बघायचे. चटया उचलून तळ पाहावा. दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालची जागा, चाकावरच्या कमानी येथे गंज आधी धरतो. पेचकसाच्या मुठीने हळू ठोकावे. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर आत पोकळ. इंजिन दुरुस्त होते, पण सांगाडाच गंजला असेल तर ती गाडी पैसे गिळते.

कामाची वाटणी

घरच्यांनी कामे आधीच वाटून घ्यावीत. आम्ही सुचवतो ती वाटणी अशी.

पोराने किंवा पोरीने खोलायचे, साफ करायचे आणि जोडायचे. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. सुटलेले बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत वेगवेगळे ठेवून वर चिठ्ठी लावायची. ‘डावे दार’, ‘बंपर’, ‘रेडिएटर’. खोलणे कोणालाही येते, परीक्षा असते ती जोडताना.

आजोबांनी किंवा फिटर असलेल्या काकांनी खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. पाना स्वतः हाती घेण्याचा मोह आवरायचा. पोराने चूक केली तर ती त्यानेच सुधारावी.

आईने हिशेबाची वही आपल्याकडे ठेवावी. महिन्याला किती खर्च करायचा हा आकडा घरात बसून ठरवावा आणि त्यापुढे एक रुपया नाही. गाडीसाठी कर्ज काढायचे नाही, दागिना मोडायचा नाही. एखाद्या महिन्यात पैसे नसतील तर त्या महिन्यात फक्त घासायचे आणि पुसायचे. दहावी-बारावीच्या वर्षात परीक्षेच्या आधी तीन महिने गाडीवर ताडपत्री!

शिलाई येणाऱ्या मावशीने किंवा आजीने सीटचे काम शिकवावे. जुनी खोळ उसवून तिचाच कागदी नमुना काढला की नवे रेक्झिन बेतता येते. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, हलके रेक्झिन तडकते. म्हणून जाड कापडाचा विचार करावा.

काम कोणत्या क्रमाने?

पोरांना आधी रंग पाहिजे असतो. आम्ही म्हणतो, आधी ब्रेक. जी गाडी थांबत नाही तिने चालूच नये. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून अनेक वर्षे उभ्या गाडीचे तेल पूर्ण काढून नवे भरावे. चाकातले ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलाव्या. हे काम अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे आणि त्याच्याकडून तपासून घ्यावे.

मग पेट्रोलची टाकी. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो आणि तो कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. टाकी उतरवून धुवावी. आता आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या, त्या फुगतात आणि गळतात. त्या बदलून घ्याव्या.

त्यानंतर वायरिंग. उंदरांनी कुरतडलेली एक वायर पूर्ण गाडी जाळू शकते. फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची जी सवय आपल्याकडे आहे ती येथे बिलकूल चालणार नाही. टायर पाहताना त्यावरचा चार आकडी शिक्का वाचावा. 1219 असेल तर तो टायर 2019 सालच्या बाराव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होऊन फुटते.

सर्वांत शेवटी डेंटिंग आणि रंग. पावसाळ्यात रंगाचे काम काढू नये, हवेतली ओल रंगाखाली अडकते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले.

जीव आधी

आता ज्या गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्या त्या सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. लोखंडी घोड्या लावल्यावर, चाकांना ठोकळे लावल्यावर आणि गाडी हलवून पाहिल्यावरच खाली सरकायचे. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे टोक काढायचे. वेल्डिंग पोराने घरी करायचे नाही. ते शिकलेल्या माणसाकडे, डोळ्यांवर काच धरूनच, आणि पेट्रोलची टाकी उतरवल्यावरच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत वाफ असते. पुट्टी घासताना आणि रंग मारताना तोंडाला मास्क. गाडीखाली कोणी असताना घरातले दुसरे माणूस जवळ असलेच पाहिजे.

सजावट कुठपर्यंत?

पोरांचा उत्साह येथे सुटतो. छप्पर कापू, चाके मोठी घालू, सायलेन्सर फोडू! येथे देवराष्ट्र्याची दुसरी गोष्ट आठवावी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ बांधणीत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. सांगाडा कापणे, ढाचा बदलणे चालत नाही. रंग बदलता येतो, पण आरसी बुकात तशी नोंद करावी लागते. सीट, आतले अस्तर, जमिनीचे कापड, डॅशबोर्डची डागडुजी, यात मात्र हौस भागवायला पुष्कळ जागा आहे. आजीच्या हातच्या खोळी असलेली गाडी दहा गाड्यांत उठून दिसेल.

ज्यांच्या हाती 50 वर्षांहून जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी 2021 च्या नियमांनी ‘विंटेज’ नोंदणीची सोय केली. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण अट हीच की गाडी मूळ रूपात पाहिजे, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही.

आणखी एक. गाडी पोराने बनवली म्हणून 18 वर्षांच्या आत त्याच्या हाती चावी देऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पंधराव्या वर्षी काम सुरू केले तर तीन वर्षे बनवण्यात जावी. घाई कशाची?

पुढे काय?

गाडी पूर्ण झाली, किंवा न झाली तरी, एक वस्तू पोराजवळ राहिली पाहिजे. ती म्हणजे कामाची वही. कोणत्या दिवशी काय खोलले, काय चुकले, कोणता भाग कितीला आणला, फोटो, पावत्या. ही वही घेऊन तो आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला गेला, पॉलिटेक्निकला गेला, अथवा शिकाऊ म्हणून कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला, तर सांगायला त्याच्याजवळ काही असेल. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून देशात चालू आहे. आपल्या हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात, ते त्याच महिंद्र कंपनीचे, जिच्या संग्रहात देवराष्ट्र्याची गाडी उभी राहिली. हाताला प्रमाणपत्राची जोड मिळाली की फाटक उघडण्याची आशा वाढते. हे प्रत्येकाला नोकरी देईल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण ज्याने एकदा बिघडलेली वस्तू स्वतः उभी केली, तो ‘आपल्याला हे जमत नाही’ असे लवकर म्हणत नाही.

आयाबहिणींनो, बंधूंनो, पोराने अंगणात तेलाचे डाग पाडले तर रागावू नका. त्याच्यासाठी एक जुनी चादर आणि रॉकेलने हात पुसायला एक चिंधी काढून ठेवा. आजोबांना विचारा, गिरणीत तुम्ही कोणत्या यंत्रावर होता? बहुतेक घरांत हा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही. गाडी सुरू होईल तेव्हा होईल. आजोबांचे बोलणे आजच सुरू होऊ शकते.